निळ्या बोटांचं कुलूप

शिवणकाकूंचा हात घरात कुठे कुठे लागला आहे, हे कोणाला विचारावं लागत नसे. पाण्याचा पेला, फ्रिजची मूठ, मोबाइलची पाठ, प्रार्थनेच्या पुस्तकाचा कोपरा, सगळीकडे निळी बोटं उमटलेली. चाळीस वर्षं कापडावर निळ्या खडूने रेघा ओढून ओढून तो खडू त्यांच्या बोटांच्या चिरांत कायमचा मुक्कामाला आला होता. साबणाने धुतला की तासाभरापुरता जाई आणि पुन्हा हजर. दुसऱ्या शहरात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा घरी आला की हसायचा. "आई, तू जर कधी चोरी केलीस ना, तर पोलिसांना काही कामच उरणार नाही."

काकूही हसायच्या. त्यात हसण्यासारखंच होतं तेव्हा.

घर दोन मजल्यांचं. खाली शिलाई मशीन, कापायचं लांब टेबल आणि काकू. बाजूच्या जिन्याने वर गेलं की एक खोली, तिलाच लागून छोटं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. काकूंचे यजमान कारखान्यात लेथवर होते. दोघांनी पोटाला चिमटा घेऊन ती वरची खोली बांधली आणि ती भाड्याने द्यायला लागल्यावर दोन वर्षांतच यजमान गेले. त्याला आता सहा वर्षं झाली. भाडेकरू आले, गेले. प्रत्येक कुलपाची एक जादा किल्ली मशीनच्या मागच्या खिळ्याला टांगलेली असे आणि कोणती कुठली ते कळावं म्हणून काकूंनी तिला कापडाची चिंधी बांधलेली असे. वरच्या खोलीची चिंधी लाल.

चार महिन्यांपूर्वी वर सिस्टर राहायला आली. जवळच्याच इस्पितळात परिचारिका, बहुतेक रात्रपाळी. एका बॅगेनिशी आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, मी एकटी राहणार. माझ्या नवऱ्याशी माझं फाटलंय, कोर्टात अर्ज आहे. कोणी माझी चौकशी करत आलं तर मी इथे राहते हे सांगायचं नाही."

काकूंनी मान डोलावली, आणि मनापासून डोलावली. पण 'कोणी' म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात एक आडदांड, लाल डोळ्यांचा, दारावर लाथा घालणारा माणूस जाऊन बसला. तसा कोणी आला असता तर काकूंनी त्याला उभं केलं नसतं.

आला तो वेगळाच. मंगळवारी दुपारी, सिस्टर जादा पाळीला गेलेली असताना, दारात एक नीटनेटका माणूस उभा राहिला. केस नीट विंचरलेले. हातात घडी घातलेला बायकी स्वेटर. "मावशी," म्हणाला, "तिचा हा राहिला होता. थंडी वाजते तिला लवकर. तिनेच सांगितलं, वर ठेवून जा म्हणून." उंबऱ्याबाहेर बूट काढून ते त्याने जोडीने लावले, टाचा बाहेर, टोकं भिंतीकडे. बूट एवढे जपून काढणारा माणूस वाईट कसा असेल! काकूंनी लाल चिंधीची किल्ली खिळ्यावरून काढून त्याच्या हातावर ठेवली. तासाभराने त्याने ती परत आणून दिली आणि जाताना वाकून नमस्कारही केला.

संध्याकाळी सिस्टर वर गेली ती दोन मिनिटांत खाली आली. तिच्या तोंडाचा रंग उडालेला.

"काकू, वर कोण आलं होतं?"

काकूंनी सांगितलं. सांगता सांगताच त्यांना आपण काय केलं ते कळत गेलं.

वरून काहीच गेलं नव्हतं. काही फुटलं नव्हतं, उचकलं नव्हतं. फक्त सिस्टरच्या चपला, सँडल, कामाचे पांढरे बूट, सगळं भिंतीशी ओळीने लावून ठेवलेलं होतं. जोडीजोडीने. टोकं भिंतीकडे.

"सात वर्षं मी असे बूट लावले," सिस्टर म्हणाली. "एक वाकडा असला तर रात्री जेवण नाही. तो मला सांगून गेलाय काकू, की त्याला घर सापडलंय."

"किल्ली तर त्याने परत दिली गं."

"तासाभराने दिली ना? कोपऱ्यावर किल्ल्या करून देणारा बसतो."

काकूंनी तोंडावर पदर धरला.

पोलीस ठाण्यात त्या सिस्टरबरोबर स्वतः गेल्या. टेबलामागच्या माणसाने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "काही नेलं? काही तोडलं? नाही. किल्ली कोणी दिली म्हणालात? घरमालकिणीने." त्याने पेन खाली ठेवलं. काकूंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

परत येताना रस्त्यात सिस्टर एवढंच म्हणाली, "मला जायला दुसरी जागा नाही. पण शनिवारपर्यंत कुलूप बदललं नाहीत तर मी इस्पितळाच्या बाकावर झोपेन. त्या दारामागे नाही झोपणार."

रागावली असती तरी काकूंना बरं वाटलं असतं. ती रागावली नाही, त्यांच्याकडे बघितलंही नाही.

गुरुवारी दोघी कुलपांच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने लाकडाच्या फळ्यांवर तऱ्हेतऱ्हेची कुलपं बसवून ठेवली होती. काकू म्हणाल्या, "मला असं कुलूप द्या भाऊ, ज्याची किल्लीच नसते. किल्ली असली की ती कोणीतरी कोणाला तरी देतं."

दुकानदाराला यातलं काय कळणार? तो खुशीत आला. "मग बोटाचं घ्या ताई. बोट ठेवलं की दार उघडलं. बोट तर कोणी उसनं नेत नाही!"

काकूंनी बोट ठेवलं. कुलूप गुरगुरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा गुरगुर. दुकानदाराने त्यांची बोटं ओल्या फडक्याने पुसली, फुंकर घातली, अंगठा लावून पाहिला. चाळीस वर्षांच्या सुईने आणि इस्त्रीच्या चटक्यांनी त्या बोटांवर रेघ म्हणून शिल्लक ठेवली नव्हती. मग सिस्टरने लावून पाहिलं. दिवसातून शंभर वेळा औषधी पाण्याने हात धुणारी ती. तिची बोटं सोललेल्या बटाट्यासारखी गुळगुळीत झाली होती. कुलपाला तीही पटली नाहीत.

"कमाल आहे," दुकानदार म्हणाला. "तुम्हा दोघींना बोटंच नाहीत!"

त्या तीन दिवसांत सिस्टरच्या ओठांचा कोपरा पहिल्यांदाच जरासा हलला.

मग फोनवर चालणारं निघालं. तेवढ्यात काकूंच्या मुलाचाच फोन आला. दुकानात आहोत म्हटल्यावर तो म्हणाला, "आई, तेच घे. डोळे झाकून घे. ॲप माझ्या फोनवर टाक. वर कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, सगळं मला इथे बसल्या बसल्या दिसेल. तुझ्या डोक्याला ताप नाही."

आवाज मोठा होता, सिस्टरने ऐकला. ती फळ्यांपासून दोन पावलं मागे सरकली. काकूंनी फोन छातीशी धरून विचारलं, "काय गं?"

"काही नाही. घ्या तुम्ही. घर तुमचं आहे." मग हळू आवाजात म्हणाली, "तो पण असंच बघायचा, माझ्या फोनवरून. घरी यायला दहा मिनिटं जास्त लागली तर त्या दहा मिनिटांचा जाब द्यावा लागायचा."

काकूंनी फोन पुन्हा कानाला लावला. "हे बघ, तुझ्या फोनवर तुझ्या घरची घंटा वाजू दे. दुसऱ्याच्या लेकीचं येणं-जाणं मोजायला मी तुला मोठा केलेला नाही."

"आई, तू खोली भाड्याने दिलीयस की मुलगी दत्तक घेतलीयस?"

"ते मी आणि देव बघून घेऊ. ठेव आता."

राहिलं आकड्यांचं कुलूप. काळ्या काचेची पट्टी, हात लावला की तिच्यावर दहा आकडे उजळत. किल्लीचं भोक नाही, फोनशी संबंध नाही, कोण कधी आलं गेलं याची नोंद नाही. आपले चार आकडे दाबायचे की झालं. बॅटरी संपत आली तर आठवडाभर आधीच कुरकुरायला लागतं, आणि तरी दुर्लक्ष केलं तर बाहेरून खालच्या दोन बिंदूंना छोटी बॅटरी टेकवली की तेवढ्यापुरतं जागं होतं. बरोबर आकडा पडला तर बारीकशी धून, चुकला तर एक लांबलचक टूंऽऽ.

"आणि कोणी नुसतेच आकडे दाबत बसला तर?" काकूंनी विचारलं.

"पाच चुका झाल्या की भोंगा. अख्खी गल्ली गोळा होईल असा! आणि पाच मिनिटं कुलूप मेल्यासारखं. मग खरा आकडा दाबा नाहीतर खोटा, बाहेरून उघडणार नाही."

"अन् चार चुका करून थांबला तर?"

दुकानदाराने काकूंकडे नीट पाहिलं. "तीन मिनिटं थांबला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पण असा शहाणा चोर अजून माझ्या गिऱ्हाइकाला भेटलेला नाही ताई. शिवाय आकडे दहा हजार होतात. म्हातारा होईल बिचारा तुमच्या दारात."

तेच घेतलं. घरी येताना दोघींचं ठरलं. भोंगा वाजला तर सिस्टरने दार उघडायचं नाही, आतूनच पोलिसांना फोन करायचा. बाहेर कोणीही असो, काकू असल्या तरी.

"आणि भोंगा नसताना तुम्ही हाक मारलीत तर?" सिस्टरने विचारलं.

"तर उघड. मी आहे ना."

शुक्रवारी सुताराने कुलूप बसवलं. पण नव्या कुलपाचं धूड नेमकं जुन्या आतल्या कडीच्या जागी आलं, कडी काढावी लागली. तिच्या खालचं लाकूड पोखरलेलं निघालं. "भुसा आणि डिंक भरून सुकू दिल्याशिवाय इथे स्क्रू धरणार नाही," सुतार म्हणाला. "आतली कडी सोमवारी. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

सिस्टरने आपला आकडा टाकला. काकू तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मग सिस्टर म्हणाली, "आता तुमचा टाका."

"नको गं बाई. मला नको. एकदा माझ्या हातात किल्ली होती, त्याचं काय झालं ते पाहिलंस."

"रात्रपाळी करून आले आणि न्हाणीघरात चक्कर येऊन पडले तर? कोणाकडे तरी असायलाच हवा." हे ती दाराकडे बघत म्हणाली, काकूंकडे नाही. पण म्हणाली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चार आकडे टाकले. चाळीस आणि एकोणतीस. यजमानांच्या छातीचं आणि शर्टाच्या उंचीचं माप. लग्नानंतर शिवलेला पहिला शर्ट. हा आकडा जगात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हता.

शनिवारी सकाळी सातलाच काकू कामाला बसल्या होत्या. सिस्टरचा गणवेश कमरेत सैल होत होता, तो आत घ्यायला तिने दिला होता आणि सांगून ठेवलं होतं, झाला की वर अडकवून ठेवा. काकूंनी शेवटचा टाका घातला, गणवेश हातावर टाकून जिना चढल्या, चार आकडे दाबले. बारीक धून वाजली. आपल्यावर पुन्हा सोपवलेलं पहिलं काम. गणवेश खुंटीला लावून, इकडे तिकडे न बघता त्या बाहेर आल्या. दार आपोआप बंद झालं. साडेआठला सिस्टर आली. डोळे झोपेने मिटलेले. खालूनच "आले हो काकू" म्हणाली आणि वर गेली. ती कानात कापसाचे बोळे घालून दोन वाजेपर्यंत झोपत असे.

अकराच्या सुमारास काकू मशीनवर होत्या. धागा ओवायला त्यांनी पायडल थांबवलं, आणि त्या शांततेत वरून आवाज आला. टिक, टिक, टिक, टिक. मग टूंऽऽ.

सिस्टर बाहेर गेली होती का? छे, ती तर झोपलेली.

टिक, टिक, टिक, टिक. टूंऽऽ.

काकूंचे हात कापडावर तसेच राहिले. गिऱ्हाइकांसाठी पुढचं दार दिवसभर उघडंच असायचं, आणि जिना दाराच्या बाजूलाच. मशीनच्या आवाजात कोणी वर गेलं तर कळायचं नाही.

तिसरी टूंऽऽ वाजली तेव्हा त्या जिन्याच्या पायथ्याशी होत्या. सर्वांत खालच्या पायरीवर पुरुषी बूट होते. जोडीने. टोकं भिंतीकडे.

वर जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं. तो दारापुढे गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता आणि कुलपाच्या काचेकडे तिरका बघत होता, जशी गिऱ्हाइकं कापडाचा पोत उजेडात धरून बघतात. काकूंनीही तिकडे बघितलं. काळ्या काचेवर चार निळे ठिपके होते. शून्य, दोन, चार, नऊ. बाकीची काच आरशासारखी स्वच्छ.

काकूंनी आपला हात वर करून पाहिला. बोटांची टोकं निळी.

दहा हजार आकडे, म्हणाला होता दुकानदार. आता उरले होते चार, फक्त मागेपुढे करायचे.

टिक, टिक, टिक, टिक. टूंऽऽ. चौथी.

आणि तो थांबला. ताठ उभा राहिला, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि हात बांधून भिंतीला टेकला. त्याला माहीत होतं. दुकानदाराला न भेटलेला तो शहाणा माणूस काकूंच्या जिन्यात उभा होता.

काकूंच्या घशाशी ओरडणं आलं आणि त्यांनी ते दातांखाली धरलं. ओरडून काय होईल? सिस्टर जागी होईल. कानावर काकूंचा आवाज पडेल. आणि काकूंनी हाक मारली तर दार उघडायचं, असं त्यांनीच तर सांगितलं होतं. आतली कडी सोमवारी बसणार होती.

फोन मशीनवर राहिला होता. तो आणून पोलिसांना लावला तरी ते यायच्या आत तीन मिनिटं संपून जातील. काकूंनी कठडा धरला. त्यांनी प्रत्येक पायरीला मनात देवाचं नाव घेतलं, पंधरा पायऱ्या, पंधरा वेळा, आणि वर पोचल्या.

"मावशी!" तो कुजबुजला. चेहऱ्यावर तेच मऊ हसू. "बरं झालं आलात. काळजी वाटते हो हिची. एकटी राहते."

"झोपली आहे ती," काकूही कुजबुजल्या.

"झोपू दे ना. मी काय तिला उठवतोय? नुसता बसेन आत. ती उठेपर्यंत."

त्याची नजर त्यांच्या हातावर गेली. मग काचेवर. मग पुन्हा हातावर. तो अगदी लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "ही तुमची बोटं आहेत होय? म्हणजे आकडा तुम्हाला ठाऊक आहे. मग कशाला माझा वेळ घालवता? तसा वेळ मला पुष्कळ आहे म्हणा." त्याने घड्याळात पाहिलं. "अजून दीड मिनिट."

खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. समोरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानातला रेडिओ ऐकू येत होता. सगळं जग वीस पावलांवर होतं आणि काकूंना हाक मारता येत नव्हती.

"सरका," काकू म्हणाल्या. "मी उघडते."

तो चटकन बाजूला झाला. अदबीने. पण इतकाच बाजूला, की त्याचा श्वास काकूंच्या खांद्याला लागत होता.

काकूंनी काचेला हात लावला. आकडे उजळले. कोणताही चुकीचा आकडा दाबायचा एवढंच मनात होतं. पण बोटं कोणाचं ऐकतात? चाळीस वर्षं मापं घेणारी बोटं ती, आपल्या वाटेने निघाली. चार. शून्य. दोन. काकू दचकल्या. हात हवेतच थांबला. तीन आकडे त्याच्या डोळ्यांसमोर पडले होते आणि चौथा निळा ठिपका एकटाच उरला होता, लहान मुलालाही कळला असता.

"हां," तो खांद्यामागून म्हणाला. "आणि नऊ."

काकूंनी सात दाबला.

टूंऽऽ, आणि त्याच्या मागोमाग भोंगा. दुकानदार खोटं बोलला नव्हता. तो आवाज जिन्याच्या भिंतींवर आपटून दुप्पट होऊन खाली कोसळला. त्या माणसाचं हसू एका क्षणात पुसलं गेलं. त्याने काकूंना कोपराने ढकललं आणि चार, शून्य, दोन, नऊ दाबून पाहिलं. बरोबर आकडा. कुलूप मेलेलं. त्याने पुन्हा दाबला, मग तळहाताने दारावर थाडथाड मारायला लागला.

आतून झोपेने जड झालेला आवाज आला. "काकू? काकू, तुम्ही आहात?"

आता काकू ओरडल्या. आयुष्यात कोणावर ओरडल्या नव्हत्या एवढ्या जोराने. "उघडू नकोस! मी म्हटलं तरी उघडू नकोस! फोन लाव!"

"म्हातारे," तो दात खात म्हणाला, "तुला काय पडलंय?"

"मीच दिली होती ना तुला किल्ली," काकू म्हणाल्या. दाराला पाठ लावून त्या उभ्या राहिल्या. तिथून हलल्या नाहीत. "आता नाही देत."

खाली माणसं जमत होती. भोंग्याचा फायदा हाच, बघायला सगळे येतात. तो जिना उतरून धावला, बूट हातात घेऊन, घालायलाही थांबला नाही. पण पुढच्या दारात इस्त्रीवाला आडवा उभा होता, दाराएवढाच रुंद. "थांबा साहेब," तो म्हणाला, "घाई कसली? बूट तरी घाला. तोवर येतीलच ते."

सिस्टरने फोन केला होता, पोलीस आले. या वेळी काय नेलं, काय तोडलं असं कोणी विचारलं नाही. गल्लीतल्या नऊ जणांनी नावं लिहून दिली.

ते त्याला घेऊन गेल्यावर सिस्टरने दार उघडलं. काकू वरच्या पायरीवर बसल्या होत्या. तिने त्यांना पाणी दिलं. पेल्यावर चार निळी बोटं उमटली. काकूंनी ती बघितली आणि पेला बाजूला ठेवला.

"एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "त्याला आकडे माझ्यामुळे कळले. सकाळी गणवेश ठेवायला आले, ही बोटं तशीच. बघ काचेवर. पहिल्यांदा किल्ली दिली तीही मीच, आणि आज हेही मीच. तू माझा आकडा काढून टाक. आणि तुला दुसरी जागा बघायची असली तर मी अडवणार नाही."

सिस्टरने काच बघितली. मग उठली, आतल्या बाजूने काकूंचा आकडा खरंच काढून टाकला, आणि झोपायला गेली. काकू खाली आल्या. त्या दिवशी त्यांच्याकडून एकही सरळ टीप पडली नाही.

रविवारी संध्याकाळी, ड्युटीवर निघताना, सिस्टर मशीनपाशी थांबली. डब्यातला खडूचा एक तुकडा उचलला आणि जिना चढून वर गेली. परत आली तेव्हा तिची बोटं काकूंपेक्षा निळी होती.

"तुमचं दुसरं एखादं माप आठवा," ती म्हणाली. "उद्या टाकू. आणि ते मला सांगायचं नाही."

सोमवारी सुतार कडी बसवायला आला. वरून त्याचा वैतागलेला आवाज आला. "काय हो काकू, चार दिवस झाले नाहीत नव्या कुलपाला, आणि हे काय करून ठेवलंय? दहाच्या दहा आकड्यांवर निळं फासलंय! थांबा, ओलं फडकं आहे माझ्याकडे, पुसून देतो."

"नको!" खालून काकू ओरडल्या.

"हात लावू नका!" आतून सिस्टर ओरडली.

सुतार फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिला.